विठ्ठलरावांनी घेतलेलं बेट

विठ्ठलराव पुकळे सांभाळायचे त्या कारखान्याच्या स्टोअरमधून नुसता 'नट द्या' म्हणून नट मिळवून दाखवणारा कामगार पिरंगुटच्या पट्ट्यात अजून जन्माला यायचाय. "नट? कुठला नट? किती नंबरचा? चौकोनी की षट्कोनी? आधी वस्तूचं नाव नीट सांगा, मग वस्तू मागा," असं म्हणून ते खिडकी लावून घेत. कामगार हेलपाटे घालायचा, मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि शेवटी सगळं नाव पाठ करून यायचा. नावात घोटाळा झाला की कारखाना बुडतो, हे विठ्ठलरावांचं ब्रीदवाक्य. अशा माणसाला आयुष्यात एकदाच एका नावानं फसवलं, आणि तेही चांगल्या दोन अक्षरी नावानं. ती गोष्ट सांगायला बसलोय.

विठ्ठलराव मूळचे आटपाडीकडचे. पोटामागं इकडं आले, कारखान्यात चिकटले, जवळच्या भरे गावात घर केलं आणि इथलेच झाले. मुलूख सुटला, पण तहान काही सुटली नाही. त्यांच्या गावात त्या काळी पाणी मागायलासुद्धा माणूस कचरायचा. लग्न होऊन कल्पनाबाई घरात आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन ओढ्याकडे निघाल्या. ओढा म्हणजे नुसती वाळू. वाळूत खड्डा करायचा, वाटीवाटीनं पाणी भरायचं आणि फुफाट्यातून पाय भाजत परत यायचं. एकदा नव्या नवलाईत विठ्ठलराव बायकोच्या मागोमाग तिथवर गेले. ती खड्ड्यात कमरेपर्यंत वाकलेली पाहिली. तिथंच वाळूत उभं राहून त्यांनी शब्द दिला, "बघशील तू, एक दिवस तुला पाण्याच्या काठावर घर देईन. खिडकीतून हात घातला की पाणी!"

असले शब्द लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कोण देत नाही? शहाणी माणसं देतात आणि विसरून जातात. विठ्ठलराव विसरले नाहीत. पोरगा मोठा झाला, हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, यांचे स्वतःचे केस पांढरे झाले, निवृत्ती तोंडावर आली, तरी तो शब्द घशात अडकलेल्या काट्यासारखा टोचत होताच. पाण्याकाठचं घर झालं नाही तर आपण या बाईला फसवून तिच्याकडून संसार करून घेतला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

त्यात साडू. साडू नावाचा प्राणी देवानं माणसाचा गर्व उतरवण्यासाठीच घडवलाय. कल्पनाबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान, दादासाहेब, सरकारी खात्यातून निवृत्त होऊन कोथरूडला राहायचे. त्यांनी मुळशी धरणाच्या बाजूला एक प्लॉट घेतला होता, 'लेक व्ह्यू'. आता त्या प्लॉटवरून तळं दिसायचं हे खरं, पण त्यासाठी जीपच्या टपावर चढून, टाचा वर करून, मान डावीकडे वळवावी लागे. दादासाहेब येईल त्या पाहुण्याला टपावर चढवत आणि खालून ओरडत, "दिसलं का? दिसलं का?" विठ्ठलराव चढले तेव्हा त्यांना पाण्याचा एक चकाकता ठिपका दिसला. तो ठिपका म्हणजे कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा होता, असं ते मरेपर्यंत सांगणार आहेत.

"आपण लेक टच घेऊ," घरी आल्याबरोबर ते म्हणाले.

"काय घेऊ?" कल्पनाबाई भाकरी थापत होत्या.

"लेक टच. व्ह्यू म्हणजे नुसतं बघायचं. टच म्हणजे लागून."

"कुणाची लेक? आणि तिला टच कशाला करताय या वयात?" कल्पनाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "आणि कशाला हवंय ते? डास होतील. मला काही..."

"तू गप गं. तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं!"

झालं. जमिनीचा शोध सुरू झाला. ते साल होतं दोन हजार पाच. त्या सुमाराला मुळशी तालुक्यात ज्याला दुसरा धंदा जमत नव्हता तो जमिनीचा एजंट होत होता. काल बैलामागं चालणारा माणूस आज पांढरी पँट घालून, दोन मोबाईल घेऊन चौकात उभा. विठ्ठलरावांच्या नशिबी आला तो रिहे गावचा कुशाबा. कुशाबानं त्यांना अर्धा तालुका हिंडवला. जिथं पाणी होतं तिथला आकडा ऐकून विठ्ठलरावांच्या तोंडचं पाणी पळे, आणि जिथला आकडा परवडत होता तिथं बायकोनं परत हंडा घेऊन निघायची वेळ आली असती. शेवटी कुशाबाच कंटाळला. "साहेब, येवड्या पैशात पाणी पायजे आसंल तर घरी बादली भरून तिच्याम्होरं बसा," म्हणाला आणि त्यानं दुसरं गिऱ्हाईक धरलं.

विठ्ठलराव हिरमुसले. नेमका त्याच आठवड्यात पोरगा, दिग्विजय, कंपनीच्या कामावरून अमेरिकेहून परतला. त्यानं फोटो दाखवले. तिकडे म्हणे समुद्राच्या कडेकडेनं वाळूची लांबच लांब बेटं असतात, किनाऱ्याकडे पाठ करून उभी. अंगणाच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. त्या बेटांवर लोक लाकडाच्या खांबांवर घरं बांधतात आणि जमिनीला सोन्याचा भाव देतात.

"पण बाबा, ती बेटं एका जागी राहत नाहीत," दिग्विजय म्हणाला. "वाळू आहे ना. एका बाजूनं झिजतात, दुसऱ्या बाजूनं वाढतात. वादळ आलं की घर जातं. तरी लोक परत घेतात. क्रेझी आहे सगळं."

दिग्विजयला ते क्रेझी वाटलं. विठ्ठलरावांच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. लेक टच म्हणजे काय, एका बाजूनं पाणी. बेट म्हणजे चारी बाजूंनी! शाळेत गुरुजींनी छडी मारून घोकून घेतलेली व्याख्या त्यांना अजून पाठ होती: चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीच्या तुकड्यास बेट असे म्हणतात. आटपाडीत बेट बघायला मिळायचा प्रश्नच नव्हता, म्हणून व्याख्या तेवढी घट्ट बसली होती. दादासाहेब टपावर चढून एक ठिपका बघणार, आणि आपण... वा रे पठ्ठ्या!

श्रावणातल्या एका रविवारी ते एसटीनं एकटेच ताम्हिणीच्या बाजूला गेले. धरण काठोकाठ भरलं होतं. रस्त्याच्या एका वळणावर चहाची टपरी होती, तिथं ते उतरले आणि समोर बघतात तो पाण्याच्या मधोमध एक हिरवंगार टेकाड! वर पाचपन्नास झाडं, भोवती पाणीच पाणी. विठ्ठलरावांनी चहा सांगितला.

"इथं कुणाला बेट विकायचंय का हो?" त्यांनी चहावाल्याला जमेल तेवढ्या बेफिकीर आवाजात विचारलं.

"बेट व्हय? आक्काबाईला इकायचंय की," चहावाला गाळणी आपटत म्हणाला. "परवाच म्हणत हुती, कुणी गिऱ्हाईक आलं तर धाडून द्या. त्ये काय खाली कौलारू घर."

विठ्ठलरावांनी चहा तसाच ठेवला.

आक्काबाई म्हणजे सत्तरी ओलांडलेली, काटक, तोंडानं फटकळ म्हातारी. घर नीटनेटकं, शेणानं सारवलेलं, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पुतण्या रत्नदीप घोटावड्याच्या बाजूला कंपनीत कामाला. तिनं विठ्ठलरावांना ओसरीवर घोंगडी टाकून दिली. बाहेर पाऊस असा लागला होता की अंगणात पाऊल टाकायची सोय नव्हती. विठ्ठलरावांनी ओसरीवरूनच पाण्याकडे बोट केलं.

"आजी, विकायचंय म्हणता ते बेट तेच ना?"

आक्काबाईनं डोळे बारीक करून बोटाच्या रोखानं बघितलं. "व्हय, त्येच."

आता इथं मला मध्ये बोललं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल आम्हाला अंधारात ठेवलं. विठ्ठलरावांचं बोट टेकाडाकडे होतं हे खरं. पण ओसरी आणि ते टेकाड यांच्या बरोबर मध्ये, पाण्याच्या काठाला, आक्काबाईचं कळकाचं बेट उभं होतं. कळक म्हणजे बांबू. मावळातल्या माणसाला बेट म्हटलं की आधी बांबूचं बेट आठवतं, पाण्यातलं नंतर, आठवलं तर. बोट एक आणि बेटं दोन, असा मामला. विठ्ठलरावांनी जन्मात बांबू बघितला तो शिडीचा.

"एकट्या तुमच्या मालकीचं आहे? भाऊबंदकी वगैरे?"

"माझं एकलीचं हाय. सासऱ्यानं लावल्यालं."

"तुमच्या नावावर लावलं?" विठ्ठलरावांनी समाधानानं मान हलवली. नाव लागलेलं आहे म्हणजे कागद स्वच्छ.

"मी लगीन हून आले तवा म्हनला, पोरी, जमीन काय उरली न्हाई, ह्ये बेट तेवडं तुजं."

"मोठं किती आहे?"

"आदी येवडंसं हुतं. आता पसरलंय लई. दर पावसाळ्याला वाढतंया."

विठ्ठलराव थबकले. "पावसाळ्यात वाढतं? पाणी चढल्यावर लहान नको का व्हायला?"

"पाणी मिळाल्यावं कुनी ल्हान हुतंय व्हय?" आक्काबाईला हा माणूस जरा मंद वाटला.

पण विठ्ठलरावांना दिग्विजयचं बोलणं आठवलं. बेटं झिजतात, वाढतात. "हां हां, बरोबर! आमचा मुलगा सांगत होता. अमेरिकेतही असंच असतं. सरकतंही का हो?"

"सरकंल कशानं? मुळं हायेत त्याला. पसरतंया."

"आणि पाणी अगदी लागून ना?"

"ह्या दिसांत बुडख्याला लागतंया."

"सापबिप?"

"आता बेट म्हटल्यावं जनावर आसनारच. पन कुनाला काय करत न्हाईत."

"घर बांधता येईल?"

"घर? झ्याक हुतंय. पुतण्यानं आख्खा गोठा बांदला ना! आन आजून निम्मं शिल्लक हाय."

गोठा आहे म्हणजे बांधकामाला अडचण नाही, विठ्ठलरावांनी मनात टिपलं. एक शेवटचा प्रश्न स्टोअरकीपरच्या सवयीनं निघालाच. "सातबारा बघायला मिळेल का?"

"बेटाला कसला आलाय सातबारा!" आक्काबाई खळखळून हसली. तिला वाटलं पाहुणा थट्टा करतोय. विठ्ठलरावही हसले. त्यांना वाटलं, बरोबर आहे, पाण्यातल्या जमिनीला कुठला सातबारा. प्रेमात पडलेला माणूस आणि जमीन घेणारा माणूस, दोघांचं एकच.

"मग, काय घेणार?"

"साताला द्यीन," आक्काबाई म्हणाली. सात हजार.

सात लाख! विठ्ठलरावांनी मनातल्या मनात हिशोब मांडला. दादासाहेबांचा टपावरचा ठिपका याच्या दुप्पट पडला होता. आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. बिचारी म्हातारी, जगाचा भाव ठाऊक नाही, आणि आपण तिला लुबाडतोय? विठ्ठलराव सगळं सोसतील पण हरामाचा माल नाही. ते म्हणाले, "सात नको आजी. आठ घ्या."

आक्काबाईनं आयुष्यभर व्यापारी बघितले होते. भाव स्वतःहून वाढवणारा हा पहिलाच. तिनं त्यांच्याकडे निरखून बघितलं. माणूस पिलेला वाटत नव्हता. विठ्ठलरावांनी खिशातून हजार रुपये इसार म्हणून तिच्या हातावर ठेवले तेव्हा तर ती म्हणाली, "बसा म्हाराज, च्या घ्या," आणि चहात दोन चमचे साखर जास्त घातली.

"तोडून द्यू का तसंच?" निघताना तिनं विचारलं.

विठ्ठलरावांना वाटलं, तुकडे पाडून द्यायचं विचारतेय. पुढंमागं एक तुकडा साडूला दान करता येईल, अशी एक गोड कल्पना त्यांच्या डोक्यात चमकून गेली. "तोडायचंच झालं तर काय करायचं ते तुम्हीच करा. मला त्यातलं कळत नाही."

"बरं. दिवाळी झाली की या."

त्यानंतरचे दोन महिने विठ्ठलराव जमिनीवर नव्हते. स्टोअरमध्ये कामगारांनी नुसतं 'नट' म्हटलं तरी नट मिळायला लागला. साडूला फोन गेला. "लेक व्ह्यू नाही, लेक टच नाही, दादासाहेब. बेट घेतलंय, बेट! चहूबाजूंनी पाणी. घर बांधणार आहे." पलीकडे बराच वेळ शांतता होती, ती विठ्ठलरावांनी डोळे मिटून ऐकली. कल्पनाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, आपण बेटावर राहून करणार काय? मीठ संपलं तर आणायला होडी काढायची?" पण त्यांचं कोण ऐकतंय.

दिवाळी झाली. रविवारी दादासाहेबांची जीप भऱ्यात आली. आत दादासाहेब आणि कल्पनाबाईंच्या ताई. दिग्विजयला कंपनीत काम होतं. विठ्ठलरावांनी नवा सदरा घातला होता, वरच्या खिशात चेकबुक, हातात नारळ, आणि जीपच्या टपावर ट्रकच्या चाकाची हवा भरलेली भलीमोठी ट्यूब. आटपाडीचा माणूस, पोहणार कुठून? बेटावर जाताना होडी कलंडली तर?

"ही कशाला?" दादासाहेबांनी विचारलं.

"कळेल, कळेल," विठ्ठलराव गूढ हसले.

जीप आक्काबाईच्या दारात थांबली. विठ्ठलराव आधी उतरले आणि त्यांना पहिली गोष्ट जाणवली ती ही की, आज टेकाड जास्तच स्पष्ट दिसतंय. मधे काहीतरी होतं ते नाहीये. दुसरी गोष्ट, रस्त्याच्या कडेला बांबूचे भारे रचलेत, पुरुषभर उंचीचे.

आक्काबाई पदराला हात पुसत पुढं आली. "आलात व्हय? बरं झालं. काल रत्नदीपनं आन मी समदं उरकलं. ह्ये घ्या तुमचं बेट."

"कुठंय?"

"ह्ये काय!" तिनं भाऱ्यावर थाप मारली. "एकबी किडका कळक घातला न्हाई. आता उरल्याले सात हजार तेवडे द्या, म्हंजे मी मोकळी."

विठ्ठलरावांनी भाऱ्याकडे बघितलं. टेकाडाकडे बघितलं. परत भाऱ्याकडे. सासऱ्यानं लावलं. दर पावसाळ्याला वाढतंया. मुळं हायेत त्याला. सगळी वाक्यं एकेक करून डोक्यात उलटी फिरली आणि जागच्या जागी बसली. आठ लाखांचा चेक लिहायला आलेल्या माणसाला सात हजार ऐकून हायसं वाटायला पाहिजे. वाटलं नाही. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, हे मात्र नीट कळलं. नारळ त्यांच्या हातातून सुटला आणि गडगडत आक्काबाईच्या पायापाशी गेला.

आणि मागं जीपचं दार वाजलं. दादासाहेब उतरत होते.

"काय विठ्ठलराव, कुठंय तुमचं बेट?" दादासाहेबांची नजर भाऱ्यांवरून फिरली, आक्काबाईच्या हातावर थांबली आणि त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. आतून हसू वर चढत होतं. "हे? बेट म्हणजे... बांबू? अहो तुम्ही बांबूचं..."

विठ्ठलराव वरच्या खिशातलं चेकबुक आत ढकलायला लागले. कारखान्यातला कुठलाही कामगार त्या क्षणी तिथं असता तर त्याचा सगळा सूड फिटला असता.

"मग दाजी, तुम्हाला काय वाटलं?" हा आवाज कल्पनाबाईंचा. घरापासून इथवर सबंध रस्ता नवऱ्याच्या नावानं कुरकुर करत आलेल्या कल्पनाबाई पदर खोचून पुढं झाल्या होत्या. "पाण्यातलं बेट? अगबाई! पाण्यातलं बेट कुणी विकतं का? हे सगळी हयात स्टोअरमध्ये होते. ह्यांना माल कळत नाही होय?"

दादासाहेबांचं हसू अर्ध्यावर अडकलं. "पण फोनवर म्हणाले, चहूबाजूंनी पाणी!"

"पावसात बघायला आले होते. पावसात तुमच्या कोथरूडलाही चहूबाजूंनी पाणी असतं."

"घर बांधणार म्हणाले!"

"बांधणारच. बांबूचं घर. शिकलेली माणसं आता तशीच बांधतात. तुम्हाला नाही ठाऊक?"

"मासिकात आलं होतं खरं," ताई जीपमधूनच म्हणाल्या. दादासाहेबांनी बायकोकडे रागानं बघितलं.

"आणि ही ट्यूब? ट्यूब कशाला आणली मग?"

आता मात्र कल्पनाबाई अडल्या. डोळे इकडं तिकडं फिरले आणि आक्काबाईच्या डोळ्यांना भिडले. काय चाललंय ते आक्काबाईला धड कळलं नव्हतं. पण नवऱ्याची अब्रू पदराखाली झाकणारी बाई कशी दिसते ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"ती मीच मागवली," आक्काबाई म्हणाली. "कळक पान्यात सोडायचा आन टूब बांदून पल्याडच्या आंगाला न्ह्यायचा. तुमी शेरातली मानसं, तुमाला काय म्हाईत!"

"आणि नारळ?" दादासाहेबांचा आवाज आता अगदीच बारीक झाला होता.

"आमटीत घालाय," म्हणून आक्काबाईनं पायापाशी आलेला नारळ उचलला आणि आत गेली.

आक्काबाईनं सगळ्यांना जेवायला घातलं. मग दादासाहेब हात धुवायला अंगणात आले आणि थबकले. बांबू तोडल्यामुळं समोर सगळं धरण उघडं पडलं होतं. टाचा वर करायला नको, मान वळवायला नको. त्यांच्यातला प्लॉटवाला जागा झाला. "आजी, ही घराची जागा देता का? भाव म्हणाल तो."

"कळक इकला, जागा न्हाई इकायची."

"मग ते पाण्यातलं टेकाड कुणाचं? ते मिळेल का?"

"त्ये व्हय?" आक्काबाईनं तिकडं बघितलं. "त्ये आमच्या गावाचं डोस्कं हाय. गाव खाली पान्यात हाय. धरान झालं तवा सासऱ्यानं तितनं एक कळकाचा कंद तेवडा उपसून आनला, त्येच ह्ये बेट. आता त्या टेकाडाचा मालक धरनवाला. जा, त्याला इचारा." आणि ती भांडी घासायला बसली. तिला त्यात आणखी काही सांगण्यासारखं वाटलं नाही. दादासाहेबांनी मात्र त्या दिवशी परत जमिनीचा विषय काढला नाही.

विठ्ठलरावांनी सात हजार रुपये दिले आणि पाण्याकडे उतरले. कळकाच्या तोडलेल्या बुडख्यांपाशी, पायात बूट तसेच ठेवून, पाण्याच्या अगदी कडेला जाऊन बसले. थोड्या वेळानं कल्पनाबाई आल्या. चपला काढल्या आणि शेजारी बसल्या.

"दाजींना काही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "चला आता. टेंपो बघायला पाहिजे. एवढा बांबू भऱ्यात ठेवणार कुठं, देव जाणे."

"मला बांबू नको होता गं."

"ते कळलं मला. मी काय येडी आहे?"

"तुला पाण्याच्या काठावर घर द्यायचं होतं." विठ्ठलराव बुडख्यांकडे बघत म्हणाले. "ओढ्यात म्हणालो होतो. तू खड्ड्यात वाकली होतीस. शब्द दिला होता तुला. म्हातारा झालो आणि हे असं... बांबू घेऊन बसलो."

कल्पनाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. एवढी वर्षं हा माणूस कशाच्या मागं धावतोय, ते त्यांना आत्ता कळत होतं.

"अहो, मला पाणी बघायचं कुठं होतं?" त्या म्हणाल्या. "मला ते आणायचं नव्हतं. भऱ्यात आपल्या घरात नळ आला, त्या दिवशी तुम्ही ड्यूटीला होतात. मी मोरीत बसले, नळ सोडला आणि तो हंडा आपोआप भरताना बघून रडले. शेजारीण धावत आली, म्हणाली कोण गेलं? काय सांगू तिला? तुमचा शब्द तर तुम्ही त्या दिवशीच पुरा केलात."

विठ्ठलराव तिच्याकडे वळले. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी?"

विठ्ठलरावांनी वाकून दोन्ही हातांनी ओंजळ भरली, पाणी तोंडावर मारलं, आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.